चौदा दिवसांची बजावणी

"तीन दगड आणि एक विहीर! एवढ्यासाठी आपण मत्स्यालयाचा बेत रद्द केला?"

माझ्या मागे दोन हातांवर एक गृहस्थ बायकोच्या कानात कुरकुरत होते. धुकं पडलं की लोकांना वाटतं, दिसत नाही म्हणजे ऐकूही जात नसेल. मला सगळं ऐकू येतं. अकरा वर्षं मी ऑर्डवे गाव पाहुण्यांना फिरवून दाखवते. कुरकुरीच्या सुरावरून कोणाला बूट चावताहेत आणि कोणाला भूक लागली आहे, ते मी न वळता सांगू शकते.

"विहिरी दोन आहेत," मी म्हटलं. "दुसरी बुजवलेली आहे. ती दाखवली की अजून निराशा होते."

बायको खळखळून हसली. गृहस्थांनी टोपी कानांवर ओढली.

एप्रिलच्या सुट्टीतला शनिवार होता, पण थंडी फेब्रुवारीची. बंदराकडून धुकं वर चढलं होतं आणि खाजणात इवले बेडूक एका सुरात ओरडत होते. पाहुणे अवघे सहा. पहिली विहीर झाली, टेकडीवरची पाटीच्या दगडाची थडगी झाली, चुकार गुरांचा कोंडवाडा झाला, आणि आम्ही सभाघराच्या पायऱ्यांशी येऊन थांबलो. तिथे एनॉक थर्लो काळी टोपी घालून, काठी घेऊन उभा होता.

ह्या पायऱ्यांवर आम्ही बजावणीचा खेळ करतो. पहिली शंभर-सव्वाशे वर्षं ऑर्डवेत परका माणूस आला, की गावचा कॉन्स्टेबल त्याच्या दारात जाऊन कागद वाचायचा: चौदा दिवसांत गावाची शीव सोडा. म्हातारं असो, लंगडं असो, गरोदर असो. ज्याला पुढेमागे गावाने पोसावं लागेल अशी शंका यायची, त्याला कागद. आता पाहुण्यांपैकी कोणीतरी हौसेने परका होतो, एनॉक घसा खाकरून वाचतो, बाकीचे फोटो काढतात. गावाच्या अख्ख्या फेरीत लोकांना आवडतो तो एवढाच भाग.

एनॉक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर होड्या बांधल्या. गावसभेचा सभापतीही तोच, गेली तीस वर्षं. बजावणीआधी तो एक प्रश्न ठरलेला विचारतो: "तुमचं घर कुठे?" समोरचा म्हणतो डेटन, नाहीतर टोलेडो, लोक टाळ्या वाजवतात, आणि मग एनॉक वाचतो. मला तो खेळातलाच भाग वाटायचा.

त्या दिवशी परका व्हायला कोणीच पुढे येईना. मत्स्यालयवाल्यांनी मान हलवली. एक मुलगी फोनमधून वर बघेना. थंडीने माझी बोटं बधिर झाली होती, आणि तेवढ्यात टॅमसिन माझ्यासाठी कॉफीचा थर्मास घेऊन आली.

"टॅमसिन, तूच ये गं," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."

"मावशी, मी? पोट घेऊन?"

"तेव्हाही पोट घेऊनच यायच्या. उलट जास्त खरं वाटेल."

टॅमसिन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जानेवारीत एक पिशवी घेऊन दोन आठवड्यांसाठी आली होती. पोटात तिसरा महिना, आणि बाळाच्या बापाबद्दल विचारायचं नाही असा चेहरा. मी विचारलं नाही. बहिणीकडे तिला जागा नव्हती. होती ती बहिणीच्या नव्या नवऱ्याने व्यापली होती. दोन आठवड्यांचे तीन महिने झाले. राहणार की जाणार हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही. आमच्याकडे माया असलेलं माणूस तोंडाने सांगत नाही. ते तुमच्या पायऱ्यांवरचा बर्फ खरवडून जातं. मी तीन महिने सूप करत होते.

ती हसत पायरीवर चढली. एनॉकने कागद उघडला.

"तुमचं घर कुठे?"

"ते ठरायचंय," टॅमसिन म्हणाली.

लोक हसले. एनॉक हसला नाही. त्याने कागद खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. सहा माणसं गारठून उभी होती. मी हाताने खूण केली: वाचा, वाचा, आवरा.

त्याने वाचलं. "तुम्ही ह्या गावचे रहिवासी नाही. तुम्हांस येथे ठेवून घेण्यास गावाने संमती दिलेली नाही. सबब आजपासून चौदा दिवसांचे आत गावची शीव ओलांडून निघून जावे."

नेहमी ह्यानंतर पुन्हा टाळ्या पडतात. त्या दिवशी बेडूकसुद्धा गप्प झाले. क्षणभरच. मग परत सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॅमसिनचे बूट दाराशी बाहेर तोंड करून ठेवलेले होते. हे काही सांगण्यासारखं नाही. मी ते आत वळवून ठेवले, कारण मला तसं आवडतं. चौथ्या दिवशी ते पुन्हा बाहेर बघत होते. पाचव्या दिवशीही. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मी तर काल मागच्या दाराने आले."

सहाव्या दिवशी आम्ही बेकरीत गेलो. तीन महिने टॅमसिन तिथून रोज काळा पाव आणत होती. बेकरीवाल्या बाईने तिच्या बाळासाठी मोजे विणायला घेतले होते. त्या दिवशी बाई काउंटरवरून गोड हसली. "फिरायला आलात का? सभाघर बघितलंत?"

टॅमसिनला वाटलं गंमत आहे. "नाही, चोरी करायला आलेय."

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले: ह्या कोण? विणकाम तिच्या खुर्चीवर होतं. मोज्याचे टाके उसवून लोकरीचा गुंडा परत गुंडाळलेला होता.

मी स्वतःला समजावलं. बाईचं वय झालं आहे. मीही परवा चष्मा डोळ्यांवर असताना शोधला.

पण आठव्या दिवशी माझा कुत्रा बॅजर टॅमसिनवर भुंकला. चौदा वर्षांचं ते जनावर, टपालवाल्यावरही भुंकत नाही. ती जिन्यावरून उतरली आणि तो मागे सरकत सरकत माझ्या पायांत येऊन भुंकला, परकं माणूस घरात शिरल्यासारखा. टॅमसिन जिन्यावरच बसली. "अरे गाढवा," ती म्हणाली, "परवापर्यंत माझ्या पायांवर झोपत होतास."

ती अंघोळीला गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. चादर ताठ, एक सुरकुती नाही. उशी गार. आणि वास. टॅमसिन आल्यापासून त्या खोलीला तिच्या हाताच्या मलमाचा, संत्र्याच्या सालींचा वास होता. आता तिथे डांबरगोळ्यांचा वास होता, डिसेंबरपर्यंत असायचा तसा. मी खिडकी उघडली, अर्धा तास उघडी ठेवली. डांबरगोळ्या मी जानेवारीतच टाकून दिल्या होत्या.

नवव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मावशी, माझं इथलं संपलंय असं वाटतं."

"कोणी काही बोललं का तुला?"

"नाही गं. तू किती छान सांभाळलंस. पण सकाळी उठले की पाय शिवेच्या दगडाकडे ओढतात. आज तिथपर्यंत जाऊनही आले."

"आणि मग? तिथून कुठे जाणार?"

तिने चमचा खाली ठेवला. "तेच तर. दगडाच्या पुढचं काहीच मनात येत नाही. रस्ता दिसतो, झाडं दिसतात. पण तिथे मी दिसत नाही."

तेव्हा मी म्हणायला हवं होतं. जिभेच्या टोकाशी आलंही होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "सूप गार होतंय."

दुसऱ्या दिवशी मी बंदरावर गेले. एनॉक एका होडीला रंग देत होता.

"एनॉक, तुम्ही घर कुठे ते का विचारता?"

"माझे वडील विचारायचे. ह्या खेळात ते कॉन्स्टेबल व्हायचे तेव्हा."

"पण का?"

"परत जायला जागा असलेली माणसं परत जातात. त्यांचं काही बिघडत नाही." त्याने कुंचला बुडवला. "तुझ्या फेरीत एवढे लोक परके झाले ना अकरा वर्षांत? त्यातलं एकतरी परत गावात आलेलं बघितलंस?"

मी आठवू लागले. दरवर्षी पुन्हा येणारी कुटुंबं आहेत. मला नाताळला कार्डं पाठवणारी माणसं आहेत. त्यांतलं कोणीच पायरीवर चढलेलं नव्हतं. एकही नाही.

"आणि ज्यांना जागाच नाही, त्यांचं काय होतं?"

तो रंगवलेलीच फळी पुन्हा रंगवत होता. "मी थांबलो होतो, लोइस. हात तू हलवलास."

तिथून मी तडक विनीकडे गेले. विनिफ्रेड गावाची जुनी दप्तरं सांभाळते. आम्ही एका वर्गात होतो, आणि शाळा दोघींनीही लवकर सोडली. जे वाचायला शिकलो ते ह्या दप्तरांवरच. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, आणि बजावण्यांची वही काढली. तपकिरी शाई, एकाखाली एक नावं. विधवा अमुक, गेली. तमुक आणि तीन मुलं, गेली. पानामागून पान, सगळी "गेली".

"कुठे गेली?" मी विचारलं.

"वहीत शिवेपर्यंतच लिहितात." विनीने पान उलटलं. "शेजारच्या गावांच्या वह्याही मी बघितल्यात. तिथे ही नावं आलेली नाहीत. कोणाचंच नाही."

मग तिने बोट ठेवलं. एका नावापुढे वेगळ्या हाताने लिहिलं होतं: हेप्झिबा मडगेट, दिवस भरत आलेली. राहिली. एका शेजारणीने सभेत उभं राहून तिला मागून घेतलं.

"फक्त एवढंच?"

"अख्ख्या वहीत एवढंच." विनीने वही मिटली. "मुदत संपते त्या दिवशी आपली गावसभा आहे, माहीत आहे ना? सकाळी नऊला. आणि एक सांगू? जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी ह्या लोकांना सभाघरात वर बसवायचे."

"वर म्हणजे?"

"वर," विनी म्हणाली, आणि वही कपाटात ठेवून दिली.

सभाघराला सज्जा आहे. फळ्या कच्च्या म्हणून माझ्या लहानपणापासून जिन्याला कुलूप आहे. वर काही वाजलं की आम्ही म्हणतो, खारी. खारींना गावसभेचं भारी वेड. बरोबर त्याच सकाळी येतात, दरवर्षी. त्याबद्दल ऑर्डवेत कोणी बोलत नाही; फक्त सज्ज्याखालच्या बाकांवर गावातलं कोणी बसत नाही.

चौदाव्या दिवशी टॅमसिन आठ वाजताच कोट घालून तयार होती. पिशवी भरलेली. मी म्हटलं, "आधी सभेला चल. नंतर जा." ती आली. कदाचित माझी दया आली म्हणून.

मताचा हक्क नसलेल्यांना सभेत वेगळं बसावं लागतं. दारापाशी, सज्ज्याच्या खाली. टॅमसिन तिथे एकटी बसली, पिशवी मांडीवर. मी पुढे माझ्या बाकावर. ऊन निघालं होतं, उंच खिडक्यांतून तिरपे पट्टे पडले होते. दीडशे माणसं, ओले कोट, कागदी पेल्यांतली कॉफी.

एनॉकने हातोडी आपटली. अग्निशामक गाडी मंजूर झाली. बंदराचा गाळ पुढच्या वर्षावर गेला. कुत्र्यांना दोरी बांधायची की नाही ह्यावर पन्नास मिनिटं माणसं एकमेकांवर भुंकली. मी मागे बघत होते. टॅमसिनचं लक्ष दाराकडे होतं.

वर काहीतरी हललं. लोकांनी कागद चाळले.

"यादी संपली," एनॉक म्हणाला. "कोणाला काही—"

मी उभी राहिले.

"लोइस स्पॉफर्ड," मी म्हटलं, जणू कोणी मला ओळखत नव्हतं. "माझं एक काम आहे. माझ्या भाचीचं."

"यादीत आहे का?"

"नाही."

"मग सभेला घेता येत नाही." एनॉकचा आवाज कोरडा होता, पण हातोडी त्याने उचलली नाही.

"माझ्या घरात मागची खोली आहे," मी म्हटलं. "कोरडी आहे. सकाळचं ऊन येतं. पाळणा मावेल." कोणीतरी हसलं. माझी मान तापली. "शेगडी नवीन आहे. म्हणजे, बरी आहे."

"मुद्द्यावर ये की गं बाई," मागून कोणीतरी म्हणालं.

दारापाशी बाक सरकलं. टॅमसिन उभी राहिली होती. पिशवी खांद्यावर. माझ्याकडे बघून ती हसली, पाहुणे निघताना हसतात तसं.

आणि तिच्या डोक्यावर, सज्ज्यात, बाकं वाजली.

खारी नव्हत्या. एकाच वेळी पुष्कळ माणसं उठून उभी राहावीत, तसा तो आवाज होता. फळ्यांमधून धूळ गळली, उन्हाच्या पट्ट्यात आली आणि तिथेच तरंगत राहिली.

दीडशे माणसांनी कागदांत डोकी घातली. बेकरीवाल्या बाईने डोळे मिटून घेतले.

टॅमसिनने दाराच्या कडीला हात घातला.

"टॅमसिन," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. इथे राहा."

एवढे शब्द. तीन महिने लागले.

तिचा हात कडीवरच होता. मग ती वळली. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू त्यात ती आली. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. खांद्यावरून पिशवी सुटली आणि धप्पकन जमिनीवर पडली.

"अगं, ती टॅमसिन ना?" बेकरीवाली बाई मोठ्याने म्हणाली. "उभी काय अशी अवघडून? बस ना पोरी."

टॅमसिन बसली. रडत होती आणि पोटावर हात ठेवून हसतही होती.

वर कोणी बसलं नाही.

धूळ गळत होती. वरची सगळी माणसं अजून उभी होती, आम्हाला कळत होतं. वाट बघत होती. शेजारी बसलेल्या विनीने माझा हात घट्ट धरला. कोणीही मान वर केली नाही. इतकी वर्षं केली नव्हती, तशीच.

एनॉकने टोपी काढली. सभापतीने सभा चालू असताना टोपी काढू नये असा नियम आहे, तो त्यानेच आम्हाला शिकवला. त्याने सज्ज्याकडे बघितलं. सरळ, समोर माणसं असल्यासारखं.

"कागद आम्ही वाचले," तो म्हणाला. "माझ्या वाडवडिलांनी वाचले. तुमच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही." त्याने हातोडी बाजूला सारली. "गाव तुमचंही आहे. कोणीही जायचं नाही. बसा."

आधी एक बाक करकरलं. मग त्याच्या मागचं. मग त्याच्या मागचं.

सगळ्यांना बसायला बराच वेळ लागला.